चकलीला खोकता येत नाही

डॉक्टर बेलसरे म्हणाल्या, सापाला खोकता येत नाही.
छातीत साचलेलं वर ढकलायला
जो पडदा लागतो, तो त्याला दिलेलाच नाही.
म्हणून ती अशी मान उभी धरून बसते,
तोंड किंचित उघडं,
नाकपुडीशी एक बुडबुडा, मोहरीएवढा.

मी म्हटलं, अहो, मला साप पाळायचाच नव्हता.
पुष्कर कोइमतूरला गेला दोन महिन्यांसाठी,
तिसरी दिवाळी झाली.
काचेची पेटी फ्रिजशेजारी ठेवून म्हणाला,
शांत असते गं, वेटोळं करून पडून राहते.
नोंदणीच्या कागदावर आफ्रिकेतलं लांबलचक नाव आहे.
मी चकली म्हणते.

बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलं:
उबेच्या बाजूला बत्तीस, दुसरीकडे सत्तावीस,
आर्द्रता साठ ते सत्तर,
दर तिसऱ्या दिवशी सुई.
आणि खाली दोन रेघा मारून:
ओल हवी, ओलं नको.

वाचायला चार ओळी.
पण जानेवारी, धनकवडी, पहाटे नऊ अंश,
हवा अशी कोरडी की ओठांचं साल निघतं.
दिवा लावला की ऊब येते आणि ओल उडते.
ओल धरायला झाकण लावलं की हवा कोंदते,
काचेला घाम, तळाच्या कागदाला कुबट वास,
तोच तर तिला बाधतो.
झाकण उघडलं की सगळं पहिल्यापासून.
चाळीस वर्षांत दूध उतू जाऊ दिलं नाही मी.
इथे रोज काहीतरी उतू जातं, नाहीतर करपतं.

मापक खरं बोलतं का, म्हणून परीक्षा घेतली.
बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ,
घट्ट डब्यात दोघांना रात्रभर कोंडलं.
सकाळी पंचाहत्तर दिसायला हवं होतं.
एकोणसत्तर.
म्हणजे इतके दिवस ते सहा कमी सांगत होतं
आणि मी त्यावर विसंबून पाणी शिंपडत होते.

मग एका रात्री मापकाचा पडदाच कोरा.
सेल संपले, वाण्याचं दुकान बंद.
ड्रॉवरात, यांच्या चष्म्याच्या घराखाली,
ते बोटाला लावायचं चिमट्यासारखं यंत्र होतं.
चार वर्षं उघडलं नव्हतं.
त्याच्यावरही आकडाच यायचा, टक्क्यांतच.
चौऱ्याण्णव. एक्क्याण्णव.
पुढे मी बघणं सोडलं.
पलीकडून खोकला ऐकू येतोय तोवर ठीक,
असं ठरवून टाकलं.
एका पहाटे खोकला थांबला
तेव्हा बरंच वाटलं होतं मला,
लागली एकदाची झोप म्हणून.

दोन सेल काढले. टोकाला पांढरं धरलं होतं,
गाऊनला पुसलं.
आकडा उमटला.

गुरुवारी आमच्याकडे वीज जाते, पाणीही.
चकलीला उशीच्या अभ्र्यात घातलं,
खाली यांची शेकायची पिशवी, मध्ये टॉवेलच्या दोन घड्या,
सगळं थर्माकोलच्या खोक्यात, वर भोकं पाडून.
काकडेबाई दारातून डोकावल्या.
आंबे? जानेवारीत?
म्हटलं, कच्चे आहेत, ऊब लागते.

पुष्करचा फोन येतो.
कशी आहे? मी आकडा सांगते, सहा मिळवून.
आणि तू?
एकसष्ट, म्हणते.
तो हसतो. त्याला वाटतं, वय.

काल बुडबुडा नव्हता. मान खाली टेकलेली.
झाकण बाजूला करून कान लावला.
घरघर नाही, काही नाही.
या वेळी मी झोपायला गेले नाही.
स्टूल ओढलं, दिव्याच्या तांबड्या उजेडात बसले,
चहा दोनदा गार झाला.

साडेचारला जीभ आली बाहेर,
काळसर, दुभंगलेली,
खोलीतली हवा चाखून परत गेली.

पासष्ट.
उद्या गुरुवार आहे. पिशवीचं बूच जरा गळतं,
ते बघायला हवं.